पासबुकातील वीस रुपयांची नोंद

"ही वीस रुपयांची नोंद कशाची, भाईजान?"

देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या वडशाच्या एका भाभींनी पासबुक आमच्यापुढे ठेवले. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला त्या आल्या होत्या. खाते त्यांच्या मरहूम शौहरचे होते. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस त्यातून वीस रुपये कापलेले दिसत होते. त्यांना वाटले, बँकेचा काही खर्च असेल.

त्यांचे शौहर टेंपो चालवत आणि थोडी धानाची बांधी करत. रोवणीच्या दिवसांत रात्री जमिनीवर झोपले असताना मण्यार चावली. आधी गावातल्या जाणत्याकडे नेले, मग ग्रामीण रुग्णालयात. फजरच्या सुमारास इंतकाल झाला आणि जोहरपूर्वी दफनही झाले. या गोष्टीला चार महिने लोटले होते. त्या वीस रुपयांचा अर्थ दोन लाख रुपये असा होता, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

ती नोंद प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची होती. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. आता प्रश्न कागदाचा होता. पोस्टमॉर्टेम झाले नव्हते. पण या योजनेच्या नियमांत एक सोय आहे. सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा प्रसंगी पोलिसांतील नोंद नसली, तरी त्या वेळी रुग्णालयात झालेली नोंद पुरावा म्हणून चालते. भाभींनी घरी जाऊन पेटी उपसली. औषधाच्या पिशवीत रुग्णालयाचा केस पेपर घडी करून ठेवलेला सापडला. अपघातानंतर शक्यतो ३० दिवसांत दावा द्यावा, असे अर्जावर असल्याने बँकेत आधी नकार मिळाला. मग उशिराचे कारण लेखी दिले, पोच घेतली, तीन फेऱ्या मारल्या. पाच महिन्यांनी पैसे खात्यात आले.

त्याच मोसमात आमच्याकडे आलेल्या दुसऱ्या घरात मात्र काहीच हाती लागले नाही. तिथेही साप चावल्याचे सांगत होते, पण रुग्णालयात नेलेच नव्हते. कागद नाही म्हणून दावा नाही. दोन्ही घरांतले दुःख सारखेच होते, फरक एका कागदाचा होता.

आम्ही कोण, हे आधी

चंद्रपुरात आम्ही पाच-सहा जण दर रविवारी असरनंतर एका वाचनालयाच्या खोलीत बसतो. एक निवृत्त शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले चाचा, एक औषध दुकानदार, दोन कॉलेजच्या मुली आणि अकरा वर्षे विमा एजंट म्हणून काम करून ते सोडलेले एक भाई. लोक विम्याचे कागद घेऊन येतात, आम्ही ते वाचून साध्या मराठीत सांगतो. जे सगळ्यांच्या उपयोगाचे असेल, ते एका पानावर छापून वाटतो. ज्याला विम्याचा सल्ला द्यायचा आहे, त्याने स्वतःचा हितसंबंध आधी सांगावा, असे आमचे मत आहे. म्हणून हा परिचय. आमच्यापैकी कोणालाही आज विमा विकून एक रुपया मिळत नाही.

हे सांगणे का गरजेचे आहे? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विम्याची माहिती कोणाकडून मिळते ते पाहा. एजंटकडून, बँकेच्या काउंटरवरून, गाडीच्या शोरूममधून, किंवा सेतू केंद्रावरून. यांतील बहुतेकांना पॉलिसी विकली की दलाली मिळते आणि ती आपल्या हप्त्यातूनच जाते. याचा अर्थ सगळे फसवतात असा नाही. आमचे भाई सांगतात, "मी खोटे बोललो नाही, पण जे विचारले नाही ते सांगितलेही नाही." घोटाळा बहुधा याच न सांगितलेल्या भागात असतो. ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरून विकणाऱ्या व्यापाऱ्याला रसूलुल्लाह (स.) यांनी कसे टोकले, ती हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. मालातला दोष झाकू नये, ही शिकवण पॉलिसीलाही लागू आहे.

जगात यावर एक उपाय रूढ आहे. विकणाऱ्याचा पैसा न घेता माहिती तयार करायची. अमेरिकेत १९३६ पासून आणि इंग्लंडमध्ये १९५७ पासून ग्राहकांच्या संस्था अशी मासिके चालवतात. वस्तू आणि सेवा तपासतात, पण ज्यांचा माल तपासायचा त्यांच्या जाहिराती घेत नाहीत. इंग्लंडने तर २०१२ च्या अखेरीपासून गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांना कंपनीकडून दलाली घेण्यास मनाई केली. सल्ल्याचे पैसे ग्राहकाने उघडपणे द्यायचे.

अहमदाबादच्या एका प्राध्यापकाची गोष्ट

आपल्या देशातही विम्याबाबत हा लढा झाला आहे. अहमदाबादचे प्रा. मनुभाई शाह यांनी १९७८ मध्ये कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर ही संस्था सुरू केली. त्या काळी आयुर्विमा म्हणजे एकच सरकारी महामंडळ. शाह यांनी त्याच्या कारभाराचा अभ्यास करून पॉलिसीधारकांवर अन्याय होतो असे दाखवणारा निबंध लिहिला. त्यावर 'द हिंदू' या दैनिकात त्यांचा लेख आला, महामंडळाच्या बाजूने उत्तरही आले. पुढे ते उत्तर महामंडळाच्या 'योगक्षेम' या नियतकालिकात छापले गेले. शाह म्हणाले, मग माझे प्रत्युत्तरही त्यातच छापा. महामंडळाने नकार दिला, हे आमचे घरचे मासिक आहे म्हणून.

प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९२ मध्ये निकाल शाह यांच्या बाजूने लागला. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने एकच बाजू छापून दुसरी दडपणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नाही, वाचकाला दोन्ही बाजू कळल्या पाहिजेत, असा त्याचा आशय होता.

१९९५ चा दुसरा निकाल तर आपल्यासारख्या लोकांच्या अधिक जवळचा आहे. महामंडळाची एक स्वस्त मुदत विमा योजना होती. तिच्यात फक्त सरकारी, निमसरकारी किंवा नावाजलेल्या व्यापारी कंपन्यांतल्या पगारदारांनाच प्रवेश होता. म्हणजे तेंदूपत्ता तोडणारा, गॅरेजवाला, शिलाई करणारी बाई, धानाचा शेतकरी हे सगळे बाहेर. याच ग्राहक संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरवली. माहिती गोळा करणाऱ्या एका लहान संस्थेमुळे एवढ्या मोठ्या महामंडळाचा दरवाजा उघडला. आमची रविवारची खोली त्यापुढे काहीच नाही, पण रस्ता तोच आहे.

आमची एक चूक

एक कबुली द्यायला हवी. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एका रुपयात पीक विमा मिळत होता. आम्ही ते पानावर छापले आणि गावोगावच्या दुकानांत चिकटवले. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. खरिपाच्या अन्नधान्य पिकांसाठी शेतकऱ्याने विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हिस्सा भरायचा, हा मूळ नियम परत आला. आमचे जुने पान मात्र भिंतीवर तसेच राहिले. मूल तालुक्यातील एक चाचा त्या पानाच्या भरवशावर अगदी शेवटच्या दिवशी सेतू केंद्रावर गेले. हिश्शाचे पैसे जवळ नव्हते. परत आले आणि त्या वर्षी त्यांच्या धानाला विमा राहिला नाही.

त्यांनी आम्हाला एकच वाक्य ऐकवले, "एजंटने फसवले असते तर राग तरी आला असता. तुम्ही तर आपले."

त्या दिवसापासून आम्ही चार नियम केले. प्रत्येक पानावर ठळक तारीख, आणि त्या तारखेनंतर एक वर्षाने पान काढून टाकायचे. माहितीपत्रकावरून काही लिहायचे नाही, पॉलिसीची छापील कलमे किंवा शासन निर्णय वाचूनच लिहायचे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. आणि चूक झाली तर दुरुस्ती तितक्याच मोठ्या अक्षरांत, त्याच भिंतीवर.

तारखेचे महत्त्व किती, ते पाहा. सुरक्षा विम्याचा वार्षिक हप्ता १२ रुपये होता, तो १ जून २०२२ पासून २० झाला. जीवन ज्योती विम्याचा ३३० चा ४३६ झाला. घरगुती आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. नव्या पॉलिसीचे कागद पाहून ती परत करण्याची मुदत आता ३० दिवसांची आहे. जुन्या माहितीवर चालणारा माणूस प्रामाणिक असला तरी नुकसान करतो, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने शिकलो.

आमच्या पानावर आज काय आहे

दोन स्वस्त योजना. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, फक्त अपघात. अपघाती मृत्यूला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, प्रवेश १८ ते ५० वयात, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. मात्र नव्याने सहभागी झाल्यावर पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय अन्य कारणाने मृत्यू झाल्यास रक्कम मिळत नाही. दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पैसे असलेच पाहिजेत. वडशाच्या त्या भाभींच्या शौहरने जीवन ज्योतीचाही अर्ज भरला होता. पण त्या मे महिन्यात खात्यात ४३६ रुपये नव्हते. ते असते तर आणखी २ लाख मिळाले असते.

बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी. समजा वर्षाला १२ हजार रुपये, १५ वर्षे. एकूण भरले १ लाख ८० हजार, मुदतीनंतर मिळाले २ लाख ७० हजार. "दीडपट झाले" असे सांगतात. हिशेब केला तर वाढ वर्षाला जेमतेम ५ टक्के पडते. मधल्या काळात घरच्या कमावत्याचे काही झाले, तर अशा पॉलिसीत संरक्षण बहुधा दीड-दोन लाखांचेच असते. तेवढे संरक्षण वर ४३६ रुपयांत सांगितले आहे. यातून निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. आम्ही दोन आकडे शेजारी ठेवतो, एवढेच.

दवाखाना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयातच. भरती होताना आधी आरोग्यमित्राला भेटावे, बिल भरून झाल्यावर नव्हे. खासगी आरोग्य विमा घेताना जुना आजार लपवू नये. आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ आता जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे; लपवलेला आजार मात्र ऐन वेळी दावा बुडवू शकतो.

वाघ, रानडुक्कर आणि पाणी. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत, मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत काय घडते ते सांगायला नको. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वनखात्याकडून मिळणारे २५ लाख हा विमा नाही, ती शासनाची मदत आहे. त्यासाठी वनखात्याचा पंचनामा हवा. शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाख आहेत, पण दुसऱ्या खात्याची मदत घेतली असल्यास अट काय, ते तालुका कृषी कार्यालयात विचारावे. बँकेतील सुरक्षा विमा यापेक्षा वेगळा; त्याचा हप्ता आपण भरलेला असतो, म्हणून तो दावा सोडू नये. पिकाबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान आणि धान पाण्याखाली जाणे यांचा पीक विम्यात समावेश होईल. मात्र कोणते जिल्हे आणि कोणते प्राणी, हे राज्याने ठरवायचे आहे. आपल्या तालुक्याचे नाव त्यात पाहिल्याशिवाय गृहीत धरू नये. ७२ तासांत फोटोसह कळवण्याची अट लक्षात ठेवावी.

नावाची भानगड

आपल्या घरांत दावे अडकण्याचे एक मोठे कारण आम्हाला दर रविवारी दिसते. आधारवर 'शेख रहीम शेख बाबू', पासबुकात 'रहीम बाबू शेख', पॉलिसीवर 'शे. रहीम'. बायकोचे नाव निकाहनाम्यात एक, रेशनकार्डावर दुसरे. माणूस हयात असताना ही दुरुस्ती एका अर्जाचे काम असते. तो गेल्यावर तीच दुरुस्ती प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि तालुक्याच्या फेऱ्या होऊन बसते. लग्न, तलाक, नवे मूल, नॉमिनीचा इंतकाल यांपैकी काही घडले की नॉमिनीचे नाव बदलून घ्यावे.

दुसरे कारण दफनाची घाई. मय्यत लवकर उचलावी हे आपण मानतोच. पण रस्ता अपघात किंवा बुडून मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद आणि पंचनामा टाळू नये. साप किंवा विंचू चावला तर प्रथम रुग्णालय. त्यात जीव वाचण्याची शक्यता असते, आणि अल्लाहची मर्जी वेगळी असलीच तर मागे राहिलेल्यांच्या हाती कागद असतो.

"पण हे जायज आहे का?"

हा प्रश्न दर बैठकीत येतो आणि तो टाळणे बरोबर नाही. व्यापारी विम्यातील अनिश्चितता आणि व्याज यांवर उलेमांचा आक्षेप आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्यावर आधारलेला विमा योग्य मानला. मलेशियाने १९८४ मध्येच अशा तकाफुलचा कायदा केला. भारतात तकाफुल कंपनी नाही. येथील परिस्थिती पाहून काही आलिमांनी सवलत दिली आहे, काहींनी नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे.

आम्ही फतवा देत नाही, तो आमचा अधिकार नाही. पण आलिमसाहेबांकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती खरी माहिती असावी, असे आम्हाला वाटते. यात बचतीचा भाग आहे का? पैसा कुठे गुंतवला जातो? हप्ता आपण भरतो की सरकार? एका जाणत्या मौलानांनी आम्हाला सांगितले, "लोक मला फक्त 'विमा' म्हणतात आणि जवाब मागतात. कोणता विमा, ते त्यांनाच माहीत नसते." उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवायची शिकवण आपल्याला आहे, दोर कशाचा वापरायचा हे आलिमांना विचारावे, आणि विचारताना दोर दाखवावा.

नकार आला तर

दावा नाकारला की बहुतेक घरे गप्प बसतात. बसू नये. नकाराचे कारण लेखी मागावे. आधी कंपनीकडे तक्रार, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आणखी एक गोष्ट: आयुर्विमा पॉलिसीला ३ वर्षे पूर्ण झाल्यावर, माहिती लपवली म्हणून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम ४५ सांगते.

वाचक भगिनींना आमची खास विनंती आहे, कारण घरातली पेटी तुमच्या हाती असते. या जुम्याला घरातील सर्व पासबुके काढा. मागच्या मे-जूनच्या नोंदी पाहा. २० आणि ४३६ हे आकडे शोधा. सापडले तर एका कागदावर लिहा: कोणाचे खाते, कोणती बँक, नॉमिनी कोण. सापडले नाहीत तर घरात विचारा. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि वर तारीख घाला.

वडशाच्या भाभींनी तसे केले आहे. आता मोहल्ल्यातल्या बाया पासबुक घेऊन आमच्याआधी त्यांच्याकडे जातात. मागच्या रविवारी त्यांनी आमच्या पानातला एक जुना आकडा शोधून दिला. आम्ही तो दुरुस्त केला, तितक्याच मोठ्या अक्षरांत.